ठावठिकाणा मागण्याचा अधिकार



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या ऑफिसात मी सात वर्षं ज्युनिअर होतो. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. साहेबांच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची एक वही असे. कोणता अशील कधी आला, किती वाजता आला, कोणाबरोबर आला, याची नोंद त्या वहीत व्हायची. मार्चअखेरीला, जी कामं निकाली निघाली असतील त्यांची पानं साहेब स्वतः फाडायचे. कारकुनाला सांगायचे नाहीत, मलाही सांगायचे नाहीत. खुर्चीत बसून एकेका पानाचे बारीक तुकडे करायचे. एकदा मी न राहवून विचारलं. ते म्हणाले, "माणूस वकिलाकडे किती वेळा आला ही त्याच्या घरातली गोष्ट आहे. काम संपलं. आता ती माझ्याकडे कशाला?"

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो सगळा विषय या एका प्रश्नात आहे. काम संपलं, आता ती नोंद तुझ्याकडे कशाला?

चार वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यांनी टेबलावर ठेवली. काडेपेटीएवढा काळा डबा, भोवती चिकटपट्टी, एका बाजूला लोहचुंबक आणि आत सिमकार्ड. स्कूटर सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिकला तो डिकीच्या मागे चिकटवलेला सापडला होता. कुणी लावला हे त्यांना ठाऊक होतं. ते विचारायला त्या आल्याच नव्हत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, मी किती दिवस दिसत होते?" आणि थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडेही मी दोनदा येऊन गेलेय."

साहेब ज्या भेटींची पानं फाडत होते, त्याच भेटी आता दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत, मिनिटामिनिटाच्या हिशेबाने, आपोआप लिहिल्या जात होत्या. म्हणून आज मी चार गोष्टींबद्दल बोलणार आहे. हे यंत्र नेमकं काय करतं? सरकारने माणसाचा ठावठिकाणा घ्यायचा तर कोणत्या अधिकाराने? मालकाने घ्यायचा तर किती? आणि घरातल्या माणसाने घ्यायचा तर काय?

पहिला मुद्दा : पाहतं कोण?

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक चित्र असतं. वर आकाशात उपग्रह आहे आणि तो खाली आपल्याकडे पाहतो आहे. हे चित्र चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचा कायद्याच्या दृष्टीने फार मोठा परिणाम होतो.

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि एकच काम अखंड करतात: मी अमुक उपग्रह, माझी जागा ही, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. तुमच्या हातातला फोन किमान चार उपग्रहांचं हे बोलणं ऐकतो, संदेश पोचायला लागलेला वेळ मोजतो आणि स्वतःची जागा काढतो. पूर्वी नागरी वापरासाठीचा संदेश मुद्दाम ढोबळ ठेवलेला असे. मे २००० मध्ये ते बंधन उठलं आणि जीपीएस सामान्य माणसाच्या उपयोगाचं झालं.

आकाशवाणीच्या पुणे केंद्राला तुमच्या घरातला रेडिओ चालू आहे की बंद हे कळतं का? नाही कळत. तसंच उपग्रहालाही तुम्ही कुठे आहात हे कळत नाही. मग कळतं कुणाला? तुमच्या खिशातला फोन, गाडीतला डबा, मनगटावरचं घड्याळ ती जागा मोबाईल नेटवर्कवरून ज्याला पाठवतं, त्याला. म्हणजे पाळत उपग्रह ठेवत नाही. पाळत माणूस ठेवतो, कंपनी ठेवते, खातं ठेवतं. आणि जिथे माणूस आहे तिथे कायदा पोचू शकतो. तंत्रज्ञानापुढे कायदा हतबल आहे असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्या काळ्या डब्यात सिमकार्ड होतं आणि ते सिमकार्ड कुणाच्या तरी नावावर होतं!

आता कुणी म्हणेल, जागाच तर कळते, त्यात एवढं काय? एका ठिपक्यात फारसं काही नसतं, हे मलाही मान्य आहे. पण ठिपके ओळीने लावा. रात्री अकरा ते सकाळी सहा जिथे ठिपका स्थिर आहे ते घर. दिवसा स्थिर आहे ती नोकरी. दर गुरुवारी तासभर जिथे थांबतो तो मठ किंवा दर्गा. महिन्यातून दोनदा जिथे जातो ते कर्करोगाचं रुग्णालय. १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदींचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नावं काढून टाकलेली असतानाही, केवळ चार वेळा माणूस कधी आणि कुठे होता एवढं ठाऊक असेल, तर ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखता येतात, असं त्यात दिसून आलं. चार ठिपके! आपला फोन असे किती ठिपके रोज टाकतो याचा विचार करा.

दुसरा मुद्दा : सरकार आणि ठावठिकाणा

या प्रश्नाचा आपल्या देशातला सर्वांत महत्त्वाचा खटला जीपीएस जन्मायच्या आधीचा आहे. खडक सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, निकाल १९६२ चा. खडक सिंह यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडलं होतं आणि पुराव्याअभावी सोडून दिलं होतं. पोलिसांनी मात्र त्यांच्या नावाची 'हिस्ट्री शीट' उघडली. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई येऊन दार ठोठावत, झोपेतून उठवत. गाव सोडून जायचं तर कुठे जाणार, केव्हा परतणार, हे कळवावं लागे. सहा न्यायमूर्तींपुढे हे प्रकरण चाललं. रात्री घरी येऊन उठवणं घटनाबाह्य ठरलं. पण बहुमताने असंही म्हटलं, की माणूस कुठे येतो-जातो याची माहिती काढल्याने त्याच्या कोणत्याही मूलभूत हक्काला बाधा येत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि न्यायमूर्ती शहा यांनी वेगळं मत दिलं. त्यांच्या मते पोलिसांचा हा पाळतीचा नियम मुळापासूनच टिकत नव्हता. ज्या माणसाला आपल्यावर सतत नजर आहे हे ठाऊक असतं, तो मोकळेपणाने हिंडतो असं म्हणायचं तरी कसं?

हे अल्पमत खरं ठरायला ५५ वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं जाहीर केलं आणि खडक सिंह निकालातला तो विरुद्ध भाग रद्द ठरवला. सरकारला या हक्कात शिरायचंच असेल तर आधी कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि कारणाच्या मानानेच हस्तक्षेप हवा. कायदा, कारण आणि प्रमाण. हे तीन शब्द लक्षात ठेवा. शेवटी मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

आणि मग हा प्रश्न थेट मोबाईलच्या नकाशावर आला. दिल्लीत अमली पदार्थांच्या एका प्रकरणात नायजेरियाच्या एका नागरिकाला जामीन मिळाला. अट अशी, की त्याने गुगल नकाशावर आपल्या जागेची पिन टाकायची, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते कळेल. फ्रँक व्हाइटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो असं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने कंपनीलाच विचारलं, ही पिन काय करते? कंपनीने प्रतिज्ञापत्र दिलं, की पिन सर्वस्वी वापरणाऱ्याच्या हातात असते आणि तिने माणसाची प्रत्यक्ष हालचाल कळत नाही. म्हणजे अट घालताना हे यंत्र काय करतं हेच कुणी नीट तपासलं नव्हतं. ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. आणि त्यापुढे जाऊन सांगितलं, की जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही. ते अनुच्छेद २१ च्या विरुद्ध आहे. ठाण्यातून वकिली सुरू केलेले ओकसाहेब आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेले. आम्हा वकिलांना त्या निकालाचा फार आनंद झाला.

पण आनंदाबरोबर एक उणीव सांगणं माझं कर्तव्य आहे. अमेरिकेत पोलिसांनी एका संशयिताच्या जीपला जीपीएस लावलं. वॉरंट होतं, पण दहा दिवसांचं, आणि यंत्र लावलं अकराव्या दिवशी. पुढे २८ दिवस त्याची नोंद घेतली; ती दोन हजारांहून अधिक पानांची झाली. जोन्स खटल्यात, २०१२ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की गाडीला असं यंत्र लावून पाळत ठेवणं ही झडतीच आहे. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात १२७ दिवसांत गोळा झालेल्या १२,८९८ टॉवर नोंदी होत्या. अशा नोंदींसाठी साधारणपणे न्यायाधीशाचं वॉरंट लागेल, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं.

आपल्याकडे? पोलिसांनी एखाद्याच्या गाडीला यंत्र लावण्याआधी कुणाची परवानगी घ्यावी, किती दिवसांसाठी घ्यावी, नंतर त्या नोंदींचं काय करावं, हे सांगणारं स्वतंत्र कलम नाही. आणि यंत्र चुकीच्या मार्गाने लावलं तरी त्यातून मिळालेला पुरावा बहुधा बाहेर फेकला जात नाही. मुंबईच्या कोरोनरवरच्या लाचेच्या प्रकरणात, म्हणजे मलकानी खटल्यात, १९७२ पासून आपलं धोरण हेच आहे: पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो खटल्याशी संबंधित आहे का, हे पाहायचं. हक्क मूलभूत आहे, पण तो मोडला तरी मोडणाऱ्याचं काही बिघडत नाही. असा हक्क किती दिवस टिकेल?

तिसरा मुद्दा : कामाची जागा

हजेरी हा शब्द शाळेत आपण सहज वापरतो. पण या महाराष्ट्रात अशा वस्त्या आहेत जिथल्या वृद्धांना हा शब्द ऐकून आजही काटा येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानंतर तो जाच मुंबई इलाख्यातही आला. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर पास घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. या माणसांचा गुन्हा काय होता? त्यांचा ठावठिकाणा सरकारला हवा होता, एवढाच.

मी आजच्या कोणत्याही महापालिकेची तुलना त्या राजवटीशी करत नाही. तसं करणं अन्यायाचं होईल. पण एक प्रश्न मला विचारायलाच हवा. ज्यांचा ठावठिकाणा सर्वांत आधी मागितला जातो, ती माणसं नेहमी खालच्या पायरीवरचीच का असतात? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. चंदीगड आणि पंचकुला इथेही तेच झालं. तिथल्या महिला कामगारांनी बोलून दाखवलं, की हे घड्याळ आमचं बोलणं ऐकतं का, स्वच्छतागृहातही आम्हाला पाहतं का, हे आम्हाला ठाऊक नाही. ज्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला आणि पुढे देशाने उचलला, त्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा, जागेच्या नोंदीसह मजुरांचा फोटो सक्तीचा झाला. रेंज नाही म्हणून फोटो चढला नाही, तर मातीत राबलेल्या बाईचा रोज बुडायचा.

बोगस हजेरी लावून पैसे खाल्ले जातात, हे खरं आहे. ते थांबवलंच पाहिजे. पण ते खाणारा मुकादम असतो, ठेकेदार असतो. मग घड्याळ झाडूवाल्या बाईच्या मनगटावरच का?

२०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. माहिती घ्यायची तर संमती घ्या, हे त्याचं तत्त्व. पण नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायची असेल तर संमती न घेण्याची सवलत त्याच कायद्यात मालकाला आहे. सरकारला आपल्या संस्थांना यातून वगळण्याचाही अधिकार आहे. म्हणजे ज्यांच्यापुढे माणूस सर्वांत दुबळा असतो, त्या दोघांसाठीच दार किलकिलं ठेवलेलं आहे. निदान एवढं तरी व्हावं: कामाची वेळ संपली की यंत्र बंद. कामगार घरी निघाला की त्याचा रस्ता त्याचा.

चौथा मुद्दा : घर

हा मुद्दा बोलायला सगळ्यांत अवघड आहे, कारण इथे पाळत ठेवणारा माणूस प्रेमाचा दावा करत असतो.

मघाचा तो काळा डबा आठवा. २०२३ चा कायदा घरगुती आणि वैयक्तिक कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. ते पुरुषाने बाईचा पाठलाग करून पुन्हा पुन्हा संपर्क साधण्याबद्दल बोलतं, तिचा इंटरनेट, ईमेल, इलेक्ट्रॉनिक संदेशांचा वापर तपासण्याबद्दल बोलतं. गाडीला चिकटवलेल्या डब्याचा त्यात उल्लेख नाही. आम्ही शेवटी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या मानसिक छळाचा आधार घेतला. आणि जुलै २०२५ मध्ये, पती-पत्नींनी एकमेकांचं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग त्यांच्यातल्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्या प्रकरणात जीपीएस नव्हतं. पण कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाने त्यातून काय धडा घेतला असेल? पाळत ठेव, पुढे उपयोगी पडेल!

आणि मुलं? शाळेच्या बसमध्ये जीपीएस असावं की नाही? माझं उत्तर स्वच्छ आहे, असावं. पावसात बस अडकली तेव्हा फोनवर तो सरकणारा ठिपका पाहून आईच्या जिवात जीव येतो. नव्या नियमांनीही शाळेच्या ये-जा करण्यापुरती ही मुभा दिली आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये, तिला न सांगता, चोवीस तास चालणारं अ‍ॅप टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्या गोष्टीला कारण आहे आणि शेवट आहे. दुसरीला कारण फक्त अविश्वास, आणि शेवट नाहीच. ती मुलगी त्यातून सुरक्षित राहायला शिकत नाही. फोन मैत्रिणीकडे ठेवून बाहेर जायला शिकते.

मग करायचं काय?

मी जीपीएसच्या विरोधात बोलतो आहे असा समज करून इथून कुणी जाऊ नये. अपघातानंतर रुग्णवाहिका कुठवर आली हे कळतं ते यामुळेच. प्रवासी वाहनांत धोक्याचं बटण आणि जागा सांगणारं यंत्र बसवण्याचा नियम झाला, तो दिल्लीत २०१२ मध्ये बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या भयंकर घटनेनंतरच्या काळात, आणि तो योग्यच आहे. आषाढीला पालखी कुठे पोचली हे आता पुणेकराला मोबाईलवर दिसतं. फार चांगली सोय. पालखीचा ठावठिकाणा सगळ्यांचा आहे. पण पालखीमागे चालणारा वारकरी कुणाच्या राहुटीत विसावला, हा त्याचा आणि त्याच्या विठ्ठलाचा प्रश्न आहे.

म्हणून मघाचे तीन शब्द घ्या आणि पाच मागण्या करा. कायदा हवा: पोलिसांनी कुणाच्याही वाहनाला किंवा फोनला पाळत लावायची तर न्यायाधीशाची लेखी परवानगी, ठरावीक दिवसांसाठी. कारण हवं: ज्याचा ठावठिकाणा घेताय त्याला ते, तपासाला बाधा येत नसेल तिथे, आधी सांगा, आणि तपासात सांगता आलं नाही तर नंतर सांगा. प्रमाण हवं: कामापुरतं, प्रवासापुरतं, धोक्यापुरतं. आणि चौथी मागणी आमच्या साहेबांची आहे. काम संपलं की पान फाडा. नोंद पुसली गेली याचा दाखला द्या. आणि पाचवी: चोरून लावलेल्या यंत्राला, मग तो लावणारा नवरा असो, बायको असो की खासगी गुप्तहेर, कायद्यात स्पष्ट गुन्हा म्हणा.

या मागण्या आमदार-खासदारांकडे करायच्या आहेत, आणि त्या आपण करूच. पण एका गोष्टीसाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहायला नको. त्या बाईंनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आजपर्यंत देऊ शकलेलो नाही. डब्यातल्या सिमकार्डने किती दिवसांच्या नोंदी पाठवल्या हे आम्हाला कधीच कळलं नाही. तो प्रश्न आपल्या घरातल्या कुणावर विचारायची वेळ येऊ नये. आज घरी गेल्यावर फोन उघडा. घरातल्या ज्या माणसाचा ठावठिकाणा तुम्हाला तिथे दिसतो, त्याला समोर बसवून विचारा, "हे चालू ठेवू का?" आणि तो नको म्हणाला, तर तिथल्या तिथे बंद करा.